घरातील वावभर जागा : व्यायाम, कसरत आणि तालीम



आपल्या शाळेत मुलांकडून जोर-बैठका काढून घेणाऱ्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तीत भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापकाने ‘लहान घरात, अल्प खर्चात व्यायामाची सोय कशी करावी’ हा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय निवडण्याची कारणे दोन आहेत. पहिले व्यवहाराचे. या सभागृहातील बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली आहे. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, अंगण गेले, ओटा गेला, आणि ‘जागाच नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी बसले. पुढची अडचण लगेच सांगितली जाते ती पैशाची. दुसरे कारण माझ्या अभ्यासक्षेत्रातले. या विषयासाठी मराठीत जे तीन शब्द रूढ आहेत, त्यांचे मूळ अर्थ पाहिले की या दोन्ही अडचणींचे उत्तर बरेचसे त्यांतच सापडते.

बडोद्याला हा विषय परका नाही. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचा आखाडा त्यांचे शिष्य माणिकराव यांनी पुढे चालविला आणि नावारूपाला आणला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत येथूनच, आणि मराठीत, प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील एका शहरात मराठी माणसाने एवढा मोठा ग्रंथ व्यायामावर काढावा, यावरून त्या काळी या विषयाला येथे काय मान होता ते कळते. आज प्रश्न आहे तो हा, की तो वारसा दोन खोल्यांच्या घरात कसा उतरवावा.

तीन शब्द

पहिला शब्द ‘व्यायाम’. ‘यम्’ या धातूला ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. मूळ अर्थ ताणणे, पसरणे. शुल्बसूत्रांत तर ‘व्यायाम’ हे लांबीच्या एका मापाचेच नाव आहे. त्याचाच सगोत्र शब्द ‘व्याम’, म्हणजे दोन्ही बाजूंस पसरलेल्या हातांमधील अंतर. त्या ‘व्याम’चे मराठी रूप ‘वाव’. दोर मोजताना, विहिरीची खोली सांगताना आपले आजोबा ‘इतके वाव’ असे म्हणत. (आपल्या गुजराती शेजाऱ्यांची ‘वाव’ म्हणजे पायऱ्यांची विहीर, ती निराळी.) मराठीत ‘वाव’ म्हणजे अवकाश, संधी असाही अर्थ आहे, हा सुखद योगायोग.

दुसरा शब्द ‘कसरत’. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा. एखादी गोष्ट पुष्कळ वेळा करणे म्हणजे कसरत. ‘तारेवरची कसरत’ म्हणताना आपण तोल आठवतो. मूळ शब्दाला मात्र पुनरावृत्ती अभिप्रेत आहे.

तिसरा ‘तालीम’. हाही अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत कुस्तीची तालीम असते आणि नाटकाचीही असते. दोन्हीकडे कोणीतरी पाहणारा असतो आणि चुकले की सांगणारा असतो.

घरातील व्यायामशाळेला या तीनच गोष्टी लागतात : अंग पसरण्याइतकी जागा, पुनरावृत्तीचा क्रम आणि शिकण्याची सोय. या तिन्हींची व्यवस्था झाल्यावर विकत घेण्याजोगे फार थोडे उरते. आपण नेमके उलट करतो. आधी यंत्र घेतो, मग ते ठेवण्यास जागा शोधतो, आणि क्रम व शिक्षण यांचा विचार राहूनच जातो. वर्षभरात त्या यंत्रावर टॉवेल वाळू लागतात.

व्यायाम : जागेचा हिशेब

प्रौढ माणसाची वाव त्याच्या उंचीइतकीच, थोडीफार कमीअधिक, असते. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हात पसरून उभे राहण्यास साधारण साडेपाच फूट रुंदी हवी. आडवे होण्यास सहा-सात फूट लांब आणि दोन-अडीच फूट रुंद पट्टा पुरतो. दिवाणखान्यातील मधले टेबल भिंतीशी सरकवले की एवढी जागा बहुतेक घरांत निघते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्याच्या यशाचे एक कारण हेच, की त्याला आपल्या देहाच्या लांबीपेक्षा फारशी अधिक जागा लागत नाही. आणि आपल्या घरांतील मंगळागौर आठवा. फुगडी, झिम्मा, पिंगा हे सारे खेळ मधल्या खोलीत, भांडीकुंडी बाजूला सारून होत. तालमीचे दार ज्या काळी स्त्रियांना बंद होते, त्या काळी त्यांनी घरातच वर्षातून काही रात्री दमसास आणि पायांचे बळ अजमावले. घरातला व्यायाम ही केवळ आजची तडजोड नाही, हे ध्यानात यावे म्हणून हा उल्लेख.

जागा निवडताना वरही पाहावे. छताच्या पंख्याची पाती साधारण आठ-साडेआठ फुटांवर असतात. साडेपाच फुटी माणसाचा उंचावलेला हात सात फुटांपर्यंत जातो; त्यात दोन फुटांची जोडी असली तर ती नऊ फुटांवर पोहोचते. म्हणून जोडी किंवा मुद्गल फिरवणे हे गच्चीचे काम आहे, पंख्याखालचे नव्हे. खाली फरशी असते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. तिच्याऐवजी रबरी पाठीची चटई घ्यावी. खर्च करायचाच तर पहिला येथे करावा. त्याखालीही कोणाचे तरी घर असते. दोरीवरच्या उड्या आणि दणकन खाली ठेवलेली वजने शेजारधर्माला धरून नाहीत.

वजन कोठून आणावे?

स्नायू बळकट होतो तो त्याला पेलण्यास थोडे कठीण जाईल असे ओझे मिळाल्याने. ते ओझे लोखंडाचे आहे की स्वतःच्या देहाचे, हे स्नायूला कळत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साधा जोर काढताना हातांवर देहाच्या वजनाचा किती भाग येतो ते मोजले गेले. हात आणि पाय दोन्ही जमिनीवर असताना सुमारे ६४ टक्के. गुडघे टेकून ४९ टक्के. हात साठेक सेंटिमीटर उंच आधारावर ठेवल्यास ४१ टक्के. आणि पाय तेवढ्याच उंचीवर ठेवल्यास ७४ टक्के. साठ किलो वजनाच्या माणसासाठी हे अनुक्रमे ३८, २९, २५ आणि ४४ किलो होतात. आपल्या परंपरेतील अंग घुसळून काढायच्या जोरात हे प्रमाण क्षणोक्षणी बदलते. परंतु तत्त्व तेच. म्हणजे एक जमीन आणि एक मजबूत पलंग एवढ्यावर पंचवीस ते चव्वेचाळीस किलोंपर्यंतचा संच घरात आधीच आहे. ज्याला हेही जड वाटेल त्याने भिंतीला हात टेकून आरंभ करावा. तेथे भार आणखी कमी असतो.

पायांचेही असेच. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, ही बैठकेची पहिली पायरी. पुढे आसनाला केवळ स्पर्श करून उठावे. मग खुर्ची काढावी. वजनाला हलकी प्लॅस्टिकची किंवा चाकांची खुर्ची या कामी वापरू नये. ती मागे सरकते.

यापुढे भार वाढवायचा झाला तर पाणी हे सर्वांत प्रामाणिक वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तराजू लागत नाही. तेलाचे रिकामे पाच लिटरचे मुठीचे डबे धुऊन काठोकाठ भरले की पाच-पाच किलोंची जोडी तयार. अर्धवट भरलेल्या डब्यात पाणी डचमळते आणि हात हेलकावतो, म्हणून आरंभी लहान भांडे घ्यावे, पण पूर्ण भरावे. जागा कमी आणि वजन अधिक हवे असेल तर कोरडी वाळू. ती लिटरमागे सुमारे दीड किलो भरते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती कॅनव्हासच्या पिशवीत घालावी. नुसते गोणपाट गळते.

विकत घ्यायच्या वस्तू त्यानंतरच्या. रबरी पट्टे स्वस्त आणि खिशात मावणारे. मात्र दर आठवड्याला ताणून भेगा पाहाव्यात, कारण तुटलेला पट्टा थेट डोळ्यावर येतो. पट्टा दारात अडकवायचा तर आपण ओढू त्या दिशेने दार मिटणारे असावे, उघडणारे नव्हे. तीन-चार महिने क्रम टिकला तर चकत्या कमीअधिक करता येणारी डंबेलची एक जोडी घ्यावी; जुनी मिळाली तर उत्तम, लोखंड शिळे होत नाही. चटई, पट्टे आणि डबे एवढा पहिला संच बुटांच्या एका चांगल्या जोडाच्या किमतीत बसतो.

‘डंबेल’ या शब्दाची कथा येथे सांगण्याजोगी आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मुकी घंटा’. चर्चमधील घंटा वाजवताना दोर ओढण्याचा जो व्यायाम होतो, तो घंटेवाचून व्हावा म्हणून केलेले ते साधन. पुढे हातात धरायच्या लोखंडी वजनाला तेच नाव लागले. जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने १७११ साली लिहिले आहे की तो रोज सकाळी तासभर आपल्या खोलीच्या कोपऱ्यातील या मुक्या घंटेवर व्यायाम करतो. साहित्यिकाच्या भाड्याच्या खोलीतील कोपरा तीनशे वर्षांपूर्वी पुरला होता.

ओढण्याचा प्रश्न

घरगुती व्यायामात एक उणीव हमखास राहते. जमीन आपल्याला ढकलू देते. ओढू देत नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार या सर्वांत छाती, खांद्यांचा पुढचा भाग, दंडाची मागची बाजू आणि मांड्या राबतात. पाठीचा वरचा भाग आणि पकड यांना मात्र पुरेसे काम मिळत नाही. तालमीत ही उणीव जाणवत नसे, कारण तेथे मल्लखांब होता, दोर होता आणि कुस्तीत समोरच्याला खेचावेच लागे. पेशव्यांच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे स्थान मिळवून दिले, त्यामुळे चढणे, लटकणे आणि आवळून धरणे या क्रियांना आपल्या पद्धतीत हक्काची जागा मिळाली. घरी आल्यावर नेमका हाच भाग मागे राहतो. दिवसभर लिहिण्या-वाचण्यासाठी पुढे झुकलेल्या माणसाला तर त्याचीच गरज अधिक.

उपाय सोपा आहे. खुर्चीच्या आसनावर डावा हात टेकवावा, कंबरेतून वाकून पाठ सपाट ठेवावी, उजव्या हातात पाण्याचा डबा लोंबकळू द्यावा आणि कोपर बरगडीला घासून वर-मागे न्यावे. मग सावकाश खाली. हाच प्रकार दुसऱ्या हाताने. रबरी पट्ट्यानेही हे साधते. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही हातांत भरलेले डबे घेऊन ताठ चालणे. घरातल्या घरात चाळीस-पन्नास पावले पुरेत. यात पकड, खांदे, कंबर आणि चाल या साऱ्यांचा एकदम सराव होतो. लटकण्यासाठी दाराच्या चौकटीत नुसती दाबून बसवायची नळी मी सुचवणार नाही. भिंतीत पक्की बसवलेली असेल तरच तिच्यावर देह सोपवावा. खिडकीच्या गजांवरही विसंबू नये.

कसरत : क्रम आणि मात्रा

आता दुसऱ्या शब्दाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा व बळाचा मिश्र सराव आठवड्यातून तीन दिवस करावा, असे त्यात सांगितले आहे. आपल्यापैकी अनेक जण सयाजीबागेत नियमाने फिरतात आणि ‘आमचा व्यायाम झाला’ असे समाधान मानतात. चालणे उत्तमच, पण त्याने पहिली अट पुरी होते, बाकीच्या राहतात. बळाचा भाग राहिला की काय होते, ते न्हाणीघरातील निसरड्या फरशीवर कळते.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पंचवीस मिनिटे एवढा क्रम पुरे. पाच मिनिटे जागच्या जागी चालणे आणि सांधे मोकळे करणे. मग खुर्चीची बैठक, भिंतीचा किंवा जमिनीचा जोर, डब्याची ओढ आणि डबे घेऊन चालणे. पहिले तीन प्रकार प्रत्येकी आठ ते बारा वेळा. चारही प्रकारांची फेरी दोनदा, जमल्यास तिसऱ्यांदा. शेवटी भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे. हात भिंतीपासून बोटभर अंतरावर, म्हणजे तोल गेला तर आधार तयार. बारा वेळा सहज होऊ लागले की पुढच्या खेपेस भार किंवा कोन थोडा कठीण करावा. संख्या शंभरावर नेत बसू नये. खाली जाताना मनात तीन आकडे मोजले, तर तेच वजन अधिक जड होते आणि पैसा लागत नाही.

किती श्रम करावेत याचे सुश्रुताने दिलेले माप आजही उपयोगी आहे. व्यायाम अर्ध्या बळाने करावा, असे तो सांगतो, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही अर्ध्या बळाची खूण मानतो. म्हणजेच बोलताना वाक्य तुटू लागले की थांबून दम घ्यावा. बळाच्या व्यायामात याला जोड अशी, की आणखी दोनदा करता आले असते असे वाटत असतानाच थांबावे. भार उचलताना श्वास कोंडू नये. उचलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली तर त्या दिवशी तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

‘आता या वयात काय उपयोग?’ असा प्रश्न पुढे येईल. १९९० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, आणि पावलापुढे पाऊल ठेवून चालण्याची गती ४८ टक्क्यांनी सुधारली. प्रयोग लहान होता. पण नव्वदीतला स्नायूही शिकतो, एवढे त्याने दाखवून दिले. तरुण श्रोत्यांसाठी दुसरी गोष्ट. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा स्नायूच उचलतात. त्यांना कामाला लावणे हे म्हातारपणापर्यंत पुढे ढकलण्याचे काम नव्हे.

तालीम : पाहणारा कोण?

जागा मिळाली, क्रम ठरला. तरी घराला एक गोष्ट आपोआप मिळत नाही, ती म्हणजे उस्तादाची नजर. आखाड्यात पाठ वाकली की पाठीवर थाप बसे. घरी चुकीचा जोर दहा वर्षे चुकीचाच राहू शकतो. यासाठी आरंभी तीन-चार दिवस तरी जाणकाराकडून प्रत्येक प्रकार शिकून घ्यावा. आपल्या शहरात तालमी अद्याप आहेत. तेथे जाऊन विचारण्यात कमीपणा नाही. पुढे आरसा, किंवा नातवाने दूरध्वनीवर टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण, ही उस्तादाची उसनी नजर. पाठ, गुडघे आणि मान, एवढ्या तीनच जागा त्यात पाहाव्यात : पाठ सपाट आहे का, गुडघे पावलांच्या दिशेने वळतात का, मान कण्याच्या रेषेत आहे का.

त्याहून उपयोगी म्हणजे सोबत. पती-पत्नींनी एकमेकांचे मोजावे. आजोबांनी नातीला जोर शिकवावा आणि नातीने त्यांच्या बैठका मोजाव्यात. शिकवणाऱ्याला नीट करावेच लागते, हा अनुभव या सभेतील प्रत्येक शिक्षकाला आहे. आणि एक वही ठेवावी : तारीख, प्रकार, भार, संख्या. चार रकान्यांच्या या वहीतच घरची तालीम टिकते, कारण खाडा झाला तर तो तेथे दिसतो.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. शाळेच्या व्यायामशाळेचे दार महिन्यातून एका रविवारी सकाळी आपल्यासाठी उघडावे. तेथे येऊन प्रत्येकाने आपला एक जोर, एक बैठक आणि एक ओढ जाणत्यांना दाखवावी, दुरुस्त करून घ्यावी आणि पुढचा महिना घरी करावी. याला वर्गणी लागणार नाही, यंत्र लागणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो त्यांनी आपल्याला शिकवले ते एवढेच होते : नीट उभे राहा, मोजून करा, उद्या पुन्हा या. आज घरी गेल्यावर दिवाणखान्यातील टेबल सरकवून हात पसरून पाहावेत. बोटे भिंतीला लागली नाहीत, तर जागेचा प्रश्न सुटला असे समजून तेथेच पहिल्या पाच बैठका काढाव्यात.